शिक्षकांची शाळा मोबाइलच्या पडद्यावर

डोंगराच्या कुशीतील एखाद्या वाडीवर पहिली ते चौथीची शाळा असते. वर्ग चार आणि शिक्षक दोन. त्यातील एक जण तालुक्याला बैठकीसाठी गेला, की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर येतात. अशा वेळी तिसरीतील एक मुलगा ५२ मधून २७ वजा करतो आणि उत्तर ३५ लिहितो. पुन्हा समजावून सांगितले तरी उत्तर ३५च. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातून दोन वजा करून मोकळा होतो. चूक नेहमीची आहे. मात्र ती दूर कशी करायची, हे शिक्षकाने विचारायचे कोणाला?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. शेजारची शाळा चार-पाच किलोमीटरवर. अधिकारी शाळेत आले तरी पटनोंदणी, पोषण आहाराचा हिशेब आणि अभिलेखांची तपासणी यातच त्यांचा वेळ जाई. आज तोच शिक्षक मुलाच्या वहीतील गणिताचे छायाचित्र संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो. रात्रीपर्यंत उत्तरे येतात. कोणी सुट्या काड्या व दहा-दहाचे गठ्ठे देऊन एक गठ्ठा सोडायला लावा, असे सांगते. कोणी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी देऊन वर्गात दुकान मांडण्यास सुचवते. एखादी अनुभवी शिक्षिका उलट प्रश्न करते, ‘बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन एकक हे त्याला कळले आहे का, ते आधी पाहिलेत का?’

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिकण्यात गेल्या दशकात झालेला बदल या एका प्रसंगात सामावलेला आहे. या शिकण्याला ना सभागृह लागते, ना हजेरीपत्रक, ना प्रमाणपत्र. वर्गातील अडचण आणि ती आधी अनुभवलेला सहकारी यांची गाठ पडली, की शिक्षण सुरू होते. तथापि, ज्या भ्रमणध्वनीवर ही गाठ पडते, त्याच भ्रमणध्वनीवर आदेश, तक्ते आणि ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असे निरोपही येऊन आदळतात. समाजमाध्यमांमुळे शिक्षक अधिक शिकता झाला की अधिक व्यग्र झाला, हा प्रश्न त्यामुळेच विचारण्याजोगा आहे.

परंपरा जुनी, साधन नवे

शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे, ही कल्पना मराठी मुलुखाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘मराठी शालापत्रक’ निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. ताराबाई मोडक यांनी १९३० च्या दशकात मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवून बालशिक्षणाचा विचार शिक्षक व पालकांपर्यंत नेला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ हे मासिक तर अनेक पिढ्यांतील शिक्षकांच्या परिचयाचे आहे. या नियतकालिकांची मर्यादा एवढीच, की लिहिणारे मोजके आणि वाचणारे पुष्कळ. वाचकाला शंका आली तर तिचे उत्तर महिन्याभराने मिळणार, किंवा मिळणारच नाही.

सरकारी पातळीवर १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. ‘डाएट’ या नावाने शिक्षक त्यांना ओळखतात. महाराष्ट्रात १९९४ मध्ये दहा-बारा शाळांचे एक केंद्र अशी रचना झाली आणि ४ हजार ८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण करण्यात आली. केंद्रातील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र यावे, एखाद्याने आदर्श पाठ घ्यावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे अनेक जिल्ह्यांत ही पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली. जेथे ती भरली होती, तेथेही केंद्रप्रमुख माहिती गोळा करण्याच्या कामात अडकला.

प्रशिक्षणांची पद्धत तर धबधब्यासारखी होती. राज्य पातळीवर काही तज्ज्ञ तयार होत. ते जिल्ह्याच्या, जिल्ह्याचे तालुक्याच्या आणि तालुक्याचे केंद्राच्या शिक्षकांना शिकवत. प्रत्येक पायरीवर आशय थोडा थोडा गळून पडे. सर्वांत खालच्या पायरीवरील शिक्षकापर्यंत पोहोचताना पुष्कळदा केवळ घडीपुस्तिका आणि हजेरी शिल्लक राही. शिवाय कोकणातील दोनशिक्षकी शाळेची आणि पुण्याच्या उपनगरातील मोठ्या शाळेची गरज वेगळी असली, तरी दोघांना प्रशिक्षण एकच.

२०१५ चे वळण

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, या उद्दिष्टाबरोबरच शिक्षकांवर सरसकट प्रशिक्षणे लादण्याऐवजी त्यांच्या मागणीचा विचार व्हावा, अशी भूमिका त्यात होती. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांमध्ये तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम उभे राहिले होते. ते पाहण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक येऊ लागले. जमिनीवर आखलेली अंकांची चित्रे, मुलांच्या हाती दिलेले साहित्य, गटात बसून चाललेले शिकणे हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परतताना त्यांच्या भ्रमणध्वनीत छायाचित्रे होती आणि एकमेकांचे क्रमांकही.

याच सुमारास तंत्रज्ञानाची साथ मिळाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने गटातील सदस्यांची मर्यादा १०० वरून २५६ केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर कोसळले आणि चित्रफीत पाठवणे खेड्यातील शिक्षकाच्याही आवाक्यात आले. तालुक्याचा गट, इयत्तेचा गट, गणिताचा गट, इंग्रजीचा गट असे गट भराभर निघाले. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १०२४ झाली. दरम्यान टेलिग्रामवरील गटांत तर दोन लाखांपर्यंत सदस्य सामावू लागले होते.

या देवाणघेवाणीतून घडू शकणाऱ्या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांमध्ये वाटून दिली. आपल्याकडे जे आहे ते सहकाऱ्यांत वाटावे, ही वृत्ती त्यातून दिसली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरही पुढे पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे शैक्षणिक साहित्य उपलब्ध झाले.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये अशा शिकण्याचे सूत्र मांडले होते. एकच काम करणारी माणसे त्या कामाविषयी सतत बोलत राहिली, की नवखा माणूस हळूहळू कडेकडून मध्यभागी येतो आणि जाणकार होतो, असे त्यांचे म्हणणे. शिंपी, सुईणी यांसारख्या व्यवसायांचा त्यांनी अभ्यास केला होता. शिक्षकांच्या गटांतही हेच दिसते. नवा शिक्षक आधी नुसता वाचतो, मग एखादा प्रश्न विचारतो आणि वर्षभराने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ लागतो.

टाळेबंदीतील कसोटी

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि जे काल ऐच्छिक होते, ते एका रात्रीत अपरिहार्य झाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची दैनंदिन अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांकडे जाऊ लागली. पन्नाशी ओलांडलेल्या अनेक शिक्षकांनी या काळात तरुण सहकाऱ्यांकडून चित्रफीत तयार करणे, ऑनलाइन वर्ग घेणे, स्वाध्यायाचे अर्ज बनवणे शिकून घेतले. गुरू-शिष्याचे नेहमीचे नाते वयाच्या दृष्टीने उलटे झाले होते.

मात्र, याच काळाने मर्यादाही दाखवली. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे अभ्यासमाला पोहोचलीच नाही. त्यामुळे अनेक शिक्षकांनी पाड्यांवर, मंदिरांच्या ओट्यांवर, झाडाखाली छोटे गट जमवून शिकवले. ही युक्तीही त्यांना एकमेकांकडूनच, गटांवरील छायाचित्रांतूनच कळली. फोन शिक्षकांना जोडत होता. मुलांना जोडण्यासाठी मात्र शिक्षकाला पायी जावे लागत होते.

तास मोजावेत की शिकणे?

सरकारी प्रशिक्षणेही आता पडद्यावर आली आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातील सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याच्या उद्देशाने ‘निष्ठा’ कार्यक्रम सुरू झाला. करोनाकाळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्याचे १८ घटक ‘दीक्षा’वर आले. महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि २४ वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी आवश्यक असलेले प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन घेण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे.

ऑनलाइन प्रशिक्षणाचा लाभ उघड आहे. प्रवास वाचतो, शाळा बंद ठेवावी लागत नाही आणि आशय वरून खाली येताना गळत नाही. परंतु एक धोकाही आहे. चित्रफीत सुरू करून फोन टेबलावर ठेवायचा, शेवटची प्रश्नावली सहकाऱ्याने गटावर टाकलेल्या उत्तरांवरून भरायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हा मार्ग कोणालाही सुचू शकतो. तास भरतात, पण वर्गातला मुलगा पुन्हा ३५च लिहितो. विशेष म्हणजे धोरणातील ५० तासांच्या तरतुदीबरोबरच, हे शिकणे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीतून व्हावे, असेही म्हटले आहे. तासांची मोजदाद सहज होते. आवडीची होत नाही. म्हणूनच यंत्रणेचे लक्ष तासांवर अधिक जाते.

शिकण्यामागे भीती असली की काय होते, याची कसोटी आता लागणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ ठेवून, पाच वर्षांपेक्षा अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे, त्यांना नोकरीत राहता येईल. पदोन्नतीसाठी मात्र परीक्षा द्यावी लागेल. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून होते. त्याआधी नेमणूक झालेल्या शिक्षकांवर वीस-पंचवीस वर्षे शिकवल्यानंतर पुन्हा परीक्षार्थी होण्याची वेळ आली आहे. त्यांच्या हातातील फोनवर आता बालमानसशास्त्राचे सराव प्रश्नही असणार. यातून पियाजे आणि वायगोत्स्की यांची पुन्हा उजळणी होईल, हे खरे. ती उजळणी परीक्षेच्या पर्यायांपुरती राहते की वर्गापर्यंत जाते, हे महत्त्वाचे.

एकच फोन, दोन कामे

शिक्षकांची सर्वांत मोठी तक्रार मात्र शिकण्याविषयी नाही. ती आदेशांविषयी आहे. गटाची सोय प्रशासनालाही तितकीच भावली. पूर्वी टपालाने चार दिवसांनी येणारे पत्र आता क्षणात येते आणि उत्तरही त्याच दिवशी हवे असते. विद्यार्थ्यांची माहिती संगणकीय प्रणालीत भरणे, उपक्रमांची छायाचित्रे पाठवणे, दुवे उघडून अर्ज भरणे यांत शाळेचा वेळ जातो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. परंतु फोनवरून मागवलेली माहिती शैक्षणिक की अशैक्षणिक, याची सीमारेषा पुसट असते.

या नाराजीचे चित्र सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट दिसले. संचमान्यता आणि कमी पटाच्या शाळांवरील नेमणुकांविषयीच्या शासन निर्णयांविरुद्ध राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन पुकारले, तेव्हा काळ्या फिती लावण्याबरोबरच प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप गटांतून बाहेर पडणे हाही आंदोलनाचा भाग होता. एके काळी असहकार म्हणजे काम थांबवणे. येथे गट सोडणे हाच असहकार ठरला. प्रशासनाचे काम या गटांवर किती विसंबले आहे, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही.

बोलण्याच्या मर्यादेचाही प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यांच्या कक्षेत येतात. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, अशा त्यातील सूचना आहेत. शिस्तीच्या दृष्टीने त्यांचे समर्थन होऊ शकते. मात्र ‘हा पाठ माझ्या मुलांना कळत नाही’ किंवा ‘ही चाचणी या वयाला जड जाते’ असे शिक्षकाने मोकळेपणे लिहिणे ही टीका नव्हे, तो व्यावसायिक अनुभव आहे. हा फरक वरिष्ठांनी ओळखला नाही, तर गटावर फक्त शुभेच्छा आणि अभिनंदने उरतील.

चाळणी कोणाकडे?

गटावर येणारे सारेच उपयोगी नसते. तयार कृतिपत्रिका मिळाल्या की स्वतः विचार करण्याची सवय मोडते. वरून आकर्षक दिसणारे शैक्षणिक साहित्य मुलाच्या अडचणीशी जुळतेच असे नाही. बनावट शासन निर्णयही फिरतात आणि सुट्या, बदल्या, वेतन यांविषयी खळबळ उडवून देतात. वास्तविक शासन निर्णयावर संकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत पडताळता येतो. मुलांना माहितीची शहानिशा करायला शिकवणाऱ्यांनी ही सवय आधी स्वतःला लावणे अगत्याचे आहे.

मुलांच्या छायाचित्रांविषयी तर अधिक दक्षता हवी. उपक्रमाचा पुरावा म्हणून काढलेले छायाचित्र कोठपर्यंत जाईल, हे पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाची चित्रफीत ‘आधी आणि नंतर’ अशी दाखवण्यात हेतू चांगला असेल, पण ते मूल गावात त्याच नावाने ओळखले जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. वहीचे पान पाठवावे, मुलाचा चेहरा व नाव पाठवू नये, एवढा साधा नियम पाळला तरी चर्चेत काही उणे पडत नाही.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला म्हणजे आदेशाचा गट आणि अभ्यासाचा गट पूर्णपणे वेगळे असावेत. अभ्यासाच्या गटात अधिकारी असले तरी ते सदस्य म्हणून असावेत, वरिष्ठ म्हणून नव्हे. दुसरा म्हणजे गट लहान ठेवावा. हजार जणांच्या गटात ‘मला हे शिकवता येत नाही’ असे कोणी लिहीत नाही. वीस-पंचवीस ओळखीच्या माणसांत लिहिले जाते. तिसरा म्हणजे एका वेळी एकच विषय घ्यावा. पंधरवडाभर केवळ वजाबाकी, पुढचा पंधरवडा केवळ जोडाक्षरे, असे ठरले तर चर्चा साचते आणि तिचा संग्रहही होतो.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा. केंद्राच्या शिक्षण परिषदेची जागा फोनने घेऊ नये. तिची पूर्वतयारी मात्र फोनवर व्हावी. महिनाभर गटावर आलेल्या अडचणींतून दोन निवडाव्यात. परिषदेच्या दिवशी एखाद्या शाळेत प्रत्यक्ष मुलांसमोर त्या विषयाचा पाठ घ्यावा आणि इतरांनी शिक्षकाचे नव्हे, तर मुलांचे निरीक्षण करावे. जपानमधील शिक्षक अशाच रीतीने एकत्र बसून पाठाचा अभ्यास करतात आणि त्यांची ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. परिषदेत सूचना वाचून दाखवण्यात जाणारा वेळ अशाने वाचेल, कारण सूचना तर आधीच फोनवर आलेल्या असतात.

आणि शेवटचा मुद्दा वेळेचा. गटावर शिकणारा शिक्षक आज स्वतःच्या संध्याकाळी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर शिकतो. घर, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळणाऱ्या शिक्षिकेला ही संध्याकाळही पुष्कळदा मिळत नाही. शिकणे हा सेवेचा भाग मानायचा असेल, तर त्यासाठी सेवेतला वेळ दिला पाहिजे.

वाडीवरच्या त्या शाळेत दुसऱ्या दिवशी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या जातात. सत्तावीस काड्या मागितल्यावर तो आधी दोन गठ्ठे काढून देतो. मग सुट्या दोन काड्यांकडे पाहत थांबतो आणि स्वतःच एका गठ्ठ्याचा दोरा सोडतो. उरलेल्या काड्या मोजून तो पंचवीस म्हणतो. त्या रात्री गटावर एक ओळ जाते, ‘जमले’. समाजमाध्यमांवरील शिक्षकांच्या शिकण्याचे मूल्यमापन करायचेच असेल, तर ते गटांच्या संख्येवरून किंवा प्रमाणपत्रांवरून न करता अशा ओळींवरून करावे लागेल.